ते वाक्य कोणाचं होतं

सुदामा नगर, इंदूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय यामिनी,

श्रीरामजी गेले. ६ तारखेला सकाळी, सांवेरला, आपल्या घरच्या ओट्यावर बसून चहा पीत होते, तिथेच. काल तेरावं होतं. ही बातमी तुला कोणी कळवली असेल असं वाटत नाही, म्हणून मी लिहितेय.

बारा वर्षांनी माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. पत्ता तुझ्या नाशिकच्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवरून घेतला. तू २०१६ मध्ये पाठवली होतीस. मी आले नाही आणि उत्तरही दिलं नाही. त्याच्या आधी तुझे तीन फोन आले होते, तेही उचलले नाहीत. तुला वाटलं असेल, प्रेमाताई कशावरून तरी नाराज आहेत. तसं काही नव्हतं. ऑफिसचं काम, अच्युतचं बायपास, दिवस निघून गेले. खैर.

तेराव्याला कंपनीतले वीस-पंचवीस जण आले होते. नीरज सर आले, रजतने पंगतीत वाढायला मदत केली. आपल्या कारखान्याला पंप बनवायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यासाठी एवढं व्हायलाच हवं होतं. निघताना सुलोचना वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "प्रेमलताजी, एक विचारू? ती यामिनी आली नाही. तिने यांना सगळ्या कामगारांसमोर बोलून दाखवलं होतं ना, तेव्हापासून हे टेस्टिंगचं नावसुद्धा घरात काढायचे नाहीत. खरंच यांनी तिचं प्रमोशन कापलं होतं का?"

मी म्हटलं, "वहिनी, आता ते जुनं झालं. कशाला मनाला लावून घेता?"

त्यांनी मान हलवली. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी चप्पल शोधत होते.

यामिनी, तू त्यांना जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "सर, तुम्ही मला काम शिकवलंत ते दुसऱ्याच्या हाताखाली राबायला का?"  श्रीरामजी चष्मा पुसत स्टोअरकडे निघून गेले. महिन्याभरात तू राजीनामा दिलास.

मला एवढंच सांगायचंय की त्या प्रमोशन कमिटीत आम्ही चौघं होतो. मोठे साहेब, त्यांचे चिरंजीव नीरज सर, श्रीरामजी आणि मी. निर्णय चौघांचा होता, एकट्या श्रीरामजींचा नाही. मी गप्प राहिले, ती माझी चूक झाली. तेव्हा त्यांच्याबद्दल मनात काही असेल तर काढून टाक. जमलं तर वहिनींना दोन ओळी लिही. पत्ता पाकिटात वेगळा ठेवलाय.

घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी
प्रेमाताई

इंदूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय यामिनी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असं पोस्टाच्या पावतीवरून समजलं. उत्तर द्यावंस असा माझा हक्क नाही, हेही समजतं.

मी ३१ मार्चला रिटायर होतेय. टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पोलोग्राउंडच्या त्याच शेडमध्ये सदतीस वर्षं झाली. आता पर्सोनेलला एचआर म्हणतात, पण हजेरीची कटकट तीच आहे. नीरज सरांनी परवा बोलावून सांगितलं, "मॅडम, आठ मार्च का भाषण इस बार आप दीजिए. जाते-जाते." विषयही त्यांनीच ठरवला, काचेचं छत. बायकांना नोकरीत वर जाताना जे दिसत नाही पण डोक्याला लागतं, ते.

मला वाटलं होतं, हा शब्द आपल्या ऑफिसातल्यासारख्या काचेच्या केबिनींवरून आला असेल. आत साहेब बसलेले दिसतात आणि आपण बाहेर. सुरभी हसायला लागली. सुरभी म्हणजे टेस्टिंगची इंजिनिअर, तू बसायचीस त्याच टेबलावर बसते. अठ्ठावीस वर्षांची आहे, मराठी निम्मी विसरलीय, पण काम पक्कं आहे. म्हणाली, "मॅडम, केबिनचा काही संबंध नाही. मी शोधून आणते ना. ओरिजिन सांगितला की भाषण एकदम बढिया होईल."

दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली आणि माझ्या टेबलाशी बसून वाचून दाखवायला लागली.

१९७८ ची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये बायकांचा एक मेळावा होता. तिथे एका चर्चेसाठी टेलिफोन कंपनीच्या उपाध्यक्ष बाईंना बोलावलं होतं. त्या पदावरची कंपनीतली ती एकटीच बाई. तिला जमलं नाही, म्हणून पर्सोनेलमधल्या एका मधल्या फळीतल्या बाईला पाठवलं. बघ, पर्सोनेलमधली, आपल्यासारखीच. व्यासपीठावरच्या बाकीच्या म्हणत होत्या की बायका पुढे जात नाहीत यात बायकांचंच चुकतं. आत्मविश्वास कमी पडतो, स्वतःकडे बघायची नजर चुकीची आहे, असं काय काय. ही बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली की दोष बायकांत नाही, वर एक न दिसणारं काचेचं छत आहे. कोणी म्हणतात, दुसऱ्या कोणी हा शब्द आधीही वापरला होता. पण त्या दिवशी ती बोलली एवढं नक्की. आठ वर्षांनी एका मोठ्या वर्तमानपत्रात तो शब्द छापून आला आणि मग जगभर गेला.

मी म्हटलं, "छान आहे. एवढं पुरे."

सुरभी म्हणाली, "थांबा ना मॅडम, मेन गोष्ट तर पुढे आहे. तिला हे सुचलं कशावरून? तिच्या साहेबाने तिला सांगितलं होतं की तुझं काम चांगलं आहे, पण प्रमोशन त्या माणसाला देतोय. तो संसारी माणूस आहे, घरात मुख्य कमावणारा तोच आहे." आणि वर बघून म्हणाली, "कैसे-कैसे लोग होते हैं ना?"

मी तिला पाणी आणायला पाठवलं. तहान लागली नव्हती. चेहरा नीट करायला जरा वेळ हवा होता.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी गप्प राहिले. ते खोटं आहे.

जून २०१३. प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. श्रीरामजींनी एकच फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "यामिनी. दुसरं नाव मी आणलेलंच नाही." साहेबांनी विचारलं, रजत का नाही? श्रीरामजी म्हणाले, "रजत चांगला आहे, पण त्याला अजून तीन वर्षं लागतील." साहेब थोडे घुटमळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रेमलताजी, आप तो महिला हैं. आप बताइए."

मी म्हटलं, "काम उत्तमच आहे, साहेब. पण रजतच्या घरात कमावणारा तो एकटा. यामिनीचे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत. आणि प्लांट बिघडला तर कधीही यावं लागतं, तिची मुलगी लहान आहे."

यामिनी, हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. नीरज सर माझ्या बोलण्याने सुटल्यासारखे झाले. बाईच म्हणतेय म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? श्रीरामजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फाईल उचलली. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

आज इतकंच लिहवतंय.

प्रेमलता

इंदूर
९ मार्च २०२५

यामिनी,

काल भाषण झालं.

असेंब्ली शेडमध्ये दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. बायका सगळ्या मिळून एकोणीस, बाकी पुरुषमंडळी कचोरीच्या आशेने बसलेली. मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. ती बाई खुर्चीवर अस्वस्थ होऊन ऐकत बसलीय तिथपासून सुरुवात केली. "संसारी माणूस" हे वाक्य आलं तेव्हा पोरी हसल्या, टाळ्या पडल्या. नीरज सरांनी शाल दिली. कोणीतरी म्हणालं, "वाह मॅडम, क्या बात कही."

मी ठरवून गेले होते की गोष्ट संपली की म्हणायचं, हे वाक्य या शेडपासून पन्नास पावलांवर मीही बोललेय. कागदावर लिहून नेलं होतं. शेवटचा कागद मी वाचलाच नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

कार्यक्रमानंतर सुरभी आली. "मॅडम, आपल्या कंपनीत असं कधी झालं का हो? सच्ची सांगा."

मी म्हटलं, "नाही गं. आपली कंपनी छोटी आहे, घरासारखी."

ती खूश होऊन गेली. पुढच्या काही आठवड्यांत तिच्याच प्रमोशनचा प्रश्न कमिटीत येणार आहे. रजत पिथमपूरच्या नव्या प्लांटवर जातोय, त्याच्या जागी सुरभी किंवा भूषण. म्हणजे तीच जागा, तुझी. आणि कमिटीत मी आहे. माझी शेवटची मीटिंग.

आज रविवार. अच्युत सकाळीच भाजी आणायला गेलाय. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला यातलं काहीच माहीत नाही. तुला मात्र आता राहिलेलं सगळं सांगते.

त्या मीटिंगनंतर तू कँटीनमध्ये माझ्याकडे आली होतीस. तुझे डोळे लाल होते. तू विचारलंस, "प्रेमाताई, घराचं कारण कोणी काढलं? एवढंच सांगा." मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "श्रीरामजी जुन्या वळणाचे आहेत, तुला माहीतच आहे." बस, एवढंच. पुढचं तू तुझं समजून घेतलंस. मी त्यांचं नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला बारा वर्षं सांगत आले. पण नाव तर मीच घेतलं होतं.

तू त्यांना बोललीस त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. चार पायऱ्या उतरून आले असते तरी पुरलं असतं. संध्याकाळी श्रीरामजी माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता हे मला जाब विचारणार. ते म्हणाले, "मीटिंगमधलं बाहेर सांगायचं नसतं, प्रेमलताजी. मी सांगणार नाही. तुम्ही तुमचं बघा." त्यानंतर रिटायर होईपर्यंत चार वर्षं ते माझ्याशी नीट बोलत राहिले. नमस्कार करायचे, अच्युतची तब्येत विचारायचे. ते मला जास्त जड गेलं.

आता का केलं ते. रजतच्या घराची मला काही दया नव्हती. १९९९ मध्ये पर्सोनेल मॅनेजरची जागा रिकामी झाली. सात-आठ वर्षं ते काम मीच करत होते. मोठ्या साहेबांनी भोपाळहून एक गृहस्थ आणले. मला म्हणाले, "आप तो घर की हैं, आपको पद से क्या फर्क पड़ता है." मी घरी येऊन पोळ्या लाटल्या. कोणाला काही बोलले नाही. त्या गृहस्थांना अटेंडन्स रजिस्टर कसं वाचायचं ते मीच शिकवलं.

मग २००६ मध्ये तू आलीस. तुला कोणी घरची म्हणत नव्हतं. तू लेथवरच्या माणसांशी भांडायचीस, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर पोहे खायचीस. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर लोक टेबलाभोवती बसतात आणि मी मागच्या खुर्चीवर बसून नोट्स घेते. तू प्रॉडक्शन मॅनेजर झाली असतीस तर टेबलाशी बसली असतीस. मी तुझं बोलणं लिहून घेतलं असतं. साहेबांनी मला विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती खुर्ची आली.

तू माझी मैत्रीण होतीस. डब्यातली शेवभाजी अर्धी मला द्यायचीस. तरी असं झालं. कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. झालं, एवढं खरं.

प्रेमलता

इंदूर
२७ मार्च २०२५

यामिनी,

शनिवारी मी सांवेरला गेले होते. बसने गेले, एकटीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू कापणीला आलाय. वहिनी ओसरीत गहू निवडत होत्या. मला बघून उठल्या, चहा टाकला. मी म्हटलं, "आधी बसा. त्या दिवशी तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर द्यायला आलेय."

मी सगळं सांगितलं. श्रीरामजींनी तुझंच नाव आणलं होतं, कापलं मी, आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला. त्या ऐकत होत्या. हात सुपात तसाच होता. चहा उतू गेला तेव्हा उठल्या, गॅस बंद केला, परत येऊन बसल्या.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आल्यावर यांनी मला सांगितलं होतं, 'मी तिचंच नाव दिलं होतं, सुलोचना. का झालं नाही ते सांगता येत नाही.' मी म्हटलं, बरं. पण प्रेमलताजी, मी अर्धंच मानलं हो. वाटायचं, ती पोरगी उगाच कशी बोलेल? बारा वर्षं मी यांचं अर्धंच खरं मानलं. यांनाही ते समजत असणार."

मी माफी मागितली. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे मागून काय होणार? ते असताना सांगायला हवं होतं." थोड्या वेळाने विचारलं, "यामिनीला सांगितलंत?"

"लिहिलंय. तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही."

"पत्ता द्या तिचा मला."

मी दिला. त्यांनी पोथीतल्या कागदावर लिहून घेतला. चहा दिला, मी प्यायले. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

मंगळवारी कमिटी झाली. मोठे साहेब आता नाहीत, नीरज सर अध्यक्ष. रजत, फायनान्सचे एक नवे साहेब, आणि मी. दोन्ही फायली समोर होत्या. सुरभीचे आकडे भूषणपेक्षा चांगले आहेत, ते कोणीही नाकारत नव्हतं. नीरज सर पेन फिरवत म्हणाले, "सुरभी अच्छी है, इसमें दो राय नहीं. पण तिचं लग्न ठरतंय ना? उद्या बंगलोर-वंगलोर निघून गेली तर? भूषण इथलाच आहे, त्याच्यावर घर आहे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी त्यांच्या वडिलांसारखं. "मॅडम, आप बताइए."

 मी म्हटलं, "भूषणचंही लग्न ठरतंय, सर. त्याला कोणी विचारलं का, तो कुठे जाणार?"

फायनान्सचे साहेब हसले. मी पुढे म्हटलं, "आणि घराचं कारण या टेबलावर याआधी मी काढलं होतं. २०१३ मध्ये, यामिनीच्या वेळी. श्रीरामजी तिचं नाव घेऊन आले होते. तुम्हीही होतात. ते कारण चुकीचं होतं आणि मला तेव्हाही माहीत होतं. आज ते परत काढलेलं मी मिनिट्समध्ये लिहिणार आहे, काढणाऱ्याच्या नावासकट. माझं तेव्हाचंही लिहिणार आहे."

 नीरज सरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात रजत म्हणाला, "सर, मैं कुछ बोलूँ?"

यामिनी, त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. म्हणाला, "मला ती पोस्ट मिळाली तेव्हा टेस्टिंग बेडचं मला फारसं काही येत नव्हतं. पहिले सहा महिने मी दर आठवड्याला यामिनी मॅडमना नाशिकला फोन करायचो. त्या कंपनी सोडून गेल्या होत्या, तरी एकदाही नाही म्हटलं नाही. पंप कसे पास करायचे ते मी त्यांच्याकडून फोनवर शिकलो. श्रीराम सरांनी मला तीन वर्षं लागतील असं म्हटलं होतं ना? बरोबर म्हटलं होतं, साडेतीन लागली."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटतं, त्याला बऱ्याच वर्षांपासून सगळं माहीत असावं.

नीरज सर म्हणाले, "ठीक है. सुरभीला देऊ, पण सहा महिने ट्रायल." मी विचारलं, "रजतला ट्रायल होती?" ते म्हणाले, "नाही." आणि मग स्वतःच म्हणाले, "अच्छा, ठीक है. सीधे ऑर्डर निकालिए."

ऑर्डर मीच टाइप केली. सुरभीला देताना तिला खरं सांगितलं. आठ मार्चला मी खोटं बोलले, ती गोष्ट आपल्याकडेही झाली आहे आणि मी केली आहे. तुझं नावही सांगितलं. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. ती ऑर्डरकडे बघत म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्ही खरं बोललात म्हणून मला मिळालं? आणि नसतात बोललात तर? मेरे काम का क्या?"  ती थँक यू म्हणाली आणि शॉप फ्लोअरवर गेली. माझ्या निरोपाच्या पार्टीला येईल की नाही माहीत नाही.

तुझ्या फाईलवर अजून "घरगुती कारणामुळे योग्य नाही" असा शेरा होता, माझ्या अक्षरात. त्याच्याखाली मी लिहिलं की हा शेरा खोटा होता, उमेदवार सर्वांत योग्य होती, विभागप्रमुखांनी तिचीच शिफारस केली होती. सही केली, तारीख घातली. नीरज सरांचीही सही घेतली. नक्कल सोबत पाठवतेय. तुला तिचा आता काही उपयोग नाही, तू स्वतःच्या हिमतीवर नाशिकला प्लांट हेड झालीस असं रजतकडून समजलं. पण फाईलमध्ये खोटं राहू नये.

अच्युतलाही सांगितलं. तो आज सकाळी म्हणाला, "श्रीरामजी माझ्या बायपासच्या वेळी तीन वेळा हॉस्पिटलात आले होते, प्रेमा." मी म्हटलं, मला माहीत आहे.

प्रेमलता

इंदूर
४ मे २०२५

यामिनी,

तू सांवेरला येऊन गेलीस हे मला परवा समजलं. सुलोचना वहिनींनी स्वतः फोन केला. त्यांनी मला फोन करावा असं काही नव्हतं, तरी केला.

म्हणाल्या, "यामिनी आली होती. शनिवारी आली, रविवारी दुपारी गेली. मी पत्र लिहिलं होतं तिला." नाशिकहून सांवेर म्हणजे इंदूरवरूनच यावं लागतं. सरवटे बसस्टँडवर उतरून तू सांवेरची बस घेतली असशील. तिथून माझं घर अर्ध्या तासावर. हा हिशोब मी तक्रार म्हणून मांडत नाही. फक्त समजल्यावर तो डोक्यात आला, म्हणून लिहिला.

वहिनी म्हणाल्या की तू माझी चारही पत्रं बरोबर आणली होतीस. जेवण झाल्यावर श्रीरामजींच्या फोटोसमोर बसलीस आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलीस. पहिल्यातलं खोटंसुद्धा. मधे थांबली नाहीस. मग फोटोला हात जोडून म्हणालीस, "सर, मला माहीत नव्हतं." आणि वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडलीस. वहिनीही तेराव्यानंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने रडल्या. त्या म्हणाल्या, "आता माझं अर्धं पूर्ण झालं, प्रेमलताजी." मला त्यांचं म्हणणं कळलं.

मी हे फोनवर उभी राहून ऐकत होते. मधे खुर्ची ओढून घेतली.

त्यांना काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं गेलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

वहिनी म्हणाल्या, "रविवारी निघताना मीच तिला विचारलं, वाटेत इंदूर लागेल, प्रेमलताजींकडे जाशील? ती म्हणाली, 'अजून नाही, काकू.'"

मग वहिनींनी ते परत एकदा सांगितलं, जणू मला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं. "अजून नाही, असं म्हणाली."

मी रिटायर झाले. पार्टीला सुरभी आली होती, शेवटी, पाच मिनिटं. तिची पहिली बॅच पास झाली, चाळीस पंप, एकही परत आला नाही. रजतने सांगितलं की तिने तुझा नंबर मागून घेतलाय. ते तुझं आणि तिचं. मी त्यात नाही आणि नसावंच.

आता मी पत्र लिहिणार नाही. चार लिहिली तेव्हा सांगायचं होतं. आता सांगायचं काही उरलं नाही, आणि नुसतं तुला आठवण करून देत राहणं म्हणजे पुन्हा तुझ्याकडून काहीतरी मागणं होईल.

मी घरीच असते.

प्रेमलता फणसे